बसऱ्याच्या भिंतीवरचा आकडा

पहिले महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने मेलेल्या शिपायांच्या घरी काशाची एक तबकडी पाठवली. बारा सेंटीमीटर व्यासाची, बशीएवढी, हातात घेतली की चांगली जड लागणारी. तिच्यावर ब्रिटानिया देवी आहे, सिंह आहे, समुद्रसत्तेची खूण म्हणून दोन डॉल्फिन आहेत. उजवीकडच्या चौकटीत मृताचे नाव उठावाच्या अक्षरांत ओतलेले. हुद्दा मात्र मुद्दाम गाळलेला, कारण मरणात जनरल आणि शिपाई एकच, असे तेव्हा ठरले होते. अशा तेरा लाखांहून अधिक तबकड्या ओतल्या गेल्या. विलायतेतल्या लोकांनी तिला ‘मेल्या माणसाची पेनी’ असे कडवट नाव ठेवले. हिंदुस्थानातल्या घरांतही ती आली. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, सावंतवाडी या भागांतल्या ज्या घरांतले लोक लढाईवर जाऊन परतले नाहीत, त्यांच्याकडे ती पोचली. कडेने इंग्रजीत कोरले होते, की हा माणूस स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. कोणाच्या स्वातंत्र्यासाठी, हा प्रश्न ती वाचता न येणाऱ्या घरात कोणी विचारला नसेल. नंतर पुष्कळांनी विचारला.

मला या तबकडीबद्दल वेगळीच गोष्ट सांगायची आहे. सरकारला त्या शिपायाचे नाव ठाऊक होते, एवढे ती सिद्ध करते. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे एका भिंतीपाशी याच सरकारला ते नाव आठवेनासे होणार आहे.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता पश्चिम आघाडीवरच्या तोफा थांबल्या. त्या तारखेचा जो स्मरणदिन आज आपण ओळखतो, तो बराचसा योगायोगाने आणि लोकांच्या रेट्याने घडत गेला. जुलै १९१९ मध्ये लंडनला विजयाची मिरवणूक निघायची होती. सैन्याने सलामी द्यायला काहीतरी हवे, म्हणून एडविन लुट्येन्स या वास्तुविशारदाला घाईघाईने एक आकार रचायला सांगितले. त्याने लाकूड आणि प्लास्टरचा एक उंच चौथरा उभा केला, वर रिकामी शवपेटी. नाव दिले सेनोटाफ, ग्रीक भाषेत रिकामी कबर. मिरवणूक झाली की ते काढून टाकायचे होते. पण ज्यांची पोरे फ्रान्सच्या चिखलात कुठे गाडली गेली याचाही पत्ता नव्हता, त्या आया तिथे फुले घेऊन येऊ लागल्या. पायथ्याशी फुलांचा ढीग वाढत गेला. सरकारला माघार घ्यावी लागली आणि तेच स्मारक पुढे पोर्टलंडच्या दगडात कायमचे बांधले गेले. त्यावर क्रूस नाही की कुठल्याच धर्माची खूण नाही. लुट्येन्सने तो हट्ट धरला होता. साम्राज्यासाठी मेलेल्यांत हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू सगळेच होते, हे त्याला विसरायचे नव्हते. लुट्येन्सचे हे नाव आपल्याला दिल्लीत पुन्हा भेटेल.

त्याच वर्षी दोन मिनिटांच्या शांततेची रीत सुरू झाली. एडवर्ड हनी या लंडनमधल्या ऑस्ट्रेलियन पत्रकाराने मे १९१९ मध्ये एका वर्तमानपत्राला पत्र लिहून पाच मिनिटे गप्प उभे राहण्याची कल्पना मांडली होती. पण राजापर्यंत पोचला तो पर्सी फिट्झपॅट्रिक या दक्षिण आफ्रिकेतल्या गृहस्थाचा प्रस्ताव. युद्धाच्या शेवटच्या वर्षी केप टाउनमध्ये रोज दुपारी तोफ झाली की सारे शहर क्षणभर थांबत असे, ते त्याने पाहिले होते. ७ नोव्हेंबर १९१९ ला पंचम जॉर्जचे आवाहन निघाले आणि चारच दिवसांनी साम्राज्यभर लोक कामे टाकून उभे राहिले.

पुढच्या वर्षीचा विधी याहून मोठा. डेव्हिड रेल्टन नावाच्या लष्करी पाद्रीने १९१६ मध्ये फ्रान्समध्ये एका घरामागच्या बागेत एक कबर पाहिली होती. लाकडी क्रूसावर पेन्सिलीने एवढेच लिहिलेले, की इथे एक अनोळखी ब्रिटिश शिपाई आहे. ती ओळ त्याच्या मनातून जाईना. १९२० मध्ये त्याने वेस्टमिन्स्टर ॲबेच्या डीनला पत्र लिहिले, की अशा एकाला राजेरजवाड्यांच्या शेजारी पुरावे. मग वेगवेगळ्या रणभूमींवरून काही अनोळखी देह उकरून सेंट-पोल या गावी आणले. ब्रिगेडियर जनरल वायट याने रात्री त्यांतला एक निवडला. विनाशिका ‘व्हर्डन’मधून तो खाडी ओलांडून आला आणि ११ नोव्हेंबर १९२० ला फ्रान्सच्या मातीतच, पण लंडनच्या ॲबेत पुरला गेला. राजा स्वतः मागून चालत होता. मानाच्या जागी सुमारे शंभर बायका बसवल्या होत्या. प्रत्येकीचा नवराही गेला होता आणि सगळे मुलगेही. त्यांतल्या प्रत्येकीला वाटले असणार, की हा माझाच. पॅरिसमध्येही त्याच दिवशी एका अनाम फ्रेंच शिपायाची शवपेटी विजयकमानीत आणून ठेवण्यात आली, आणि जानेवारी १९२१ मध्ये तो कमानीखाली पुरला गेला.

नाव नसलेल्या एका माणसाभोवती राष्ट्राचे दुःख गोळा करण्याची ही युक्ती विलक्षण होती, यात शंका नाही. पण तिच्या मागे एक कडक नियम उभा होता, तोही सांगायला हवा. १९१७ मध्ये फेबियन वेअर याच्या खटपटीने इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झाले होते. त्याचे तत्त्व असे: प्रत्येक मृताचे नाव दगडावर यावे. कबर सापडली तर कबरीवर, न सापडली तर स्मारकाच्या भिंतीवर. हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद होणार नाही. कोणा श्रीमंताला मुलाचे प्रेत घरी नेऊन संगमरवरी थडगे बांधता येणार नाही. या कमिशनचा शब्दकार होता रड्यार्ड किपलिंग, आपल्या मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला. त्याचा अठरा वर्षांचा एकुलता मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत नाहीसा झाला आणि बापाला हयातीत त्याची कबर मिळाली नाही. अनोळखी शिपायांच्या दगडावर ‘ईश्वराला ठाऊक’ अशा अर्थाचे शब्द कोरायचे सुचवले ते याच माणसाने. ज्यांची नावे हरवली त्यांचे हे एवढे भान. ज्यांची नावे हाताशी होती त्यांचे काय झाले?

आता फ्रान्स सोडून टायग्रिस नदीकाठी, मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकात, जायचे. मराठी शिपायाचे महायुद्ध मुख्यतः तिथले आहे.

६ नोव्हेंबर १९१४ ला इराणच्या आखाताच्या वरच्या टोकाशी फाव येथे हिंदी फौज उतरली. ती सहाव्या डिव्हिजनची आघाडीची ब्रिगेड होती. त्या डिव्हिजनचे नाव पूना डिव्हिजन. पहिल्याच ब्रिगेडमध्ये ११७वी मराठा पलटण होती. मागाहून आलेल्या ब्रिगेडींत १०३वी, जिला पुढे मराठा रेजिमेंटमध्ये ‘जंगी पलटण’ म्हणू लागले, आणि ११०वी. महिना संपण्याआधी बसरा हाती आला. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई झाली, सप्टेंबरअखेर कूत पडले आणि सहज मिळणाऱ्या विजयांची चटक लागलेल्या वरिष्ठांना बगदाद दिसू लागले. पुढे जाणाऱ्या मेजर जनरल टाउनशेंडला आपल्याकडे माणसे, होड्या, दवाखाने सारेच अपुरे आहे हे माहीत होते. तरी तो गेला. २२ नोव्हेंबरला टेसिफॉनला, सासानी बादशहांच्या त्या प्रचंड कमानीच्या सावलीत, पूना डिव्हिजनची चार हजारांवर माणसे ठार वा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांत घालून नदीपर्यंत नेले आणि तिथून उघड्या होड्यांतून, जखमांत किडे पडलेल्या अवस्थेत, बसऱ्याकडे पाठवले. या हालांवर पुढे विलायतेत चौकशी आयोग बसला आणि हिंदुस्थानमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला.

उरलेले लोक मागे सरकत कूतला आले. टायग्रिसने तिन्ही बाजूंनी वेढलेले ते एक घाणेरडे गाव. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी चौथी बाजू बंद केली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. वसंतात नदीला पूर आला, खंदकांत पाणी शिरले. शिधा आठवड्याआठवड्याने घटत गेला. गोऱ्या सोल्जरांनी घोड्याचे मांस खायला सुरुवात केली, हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी नकार दिला. भाजी नाही, मांस नाही, तेव्हा स्कर्व्ही त्यांच्यातच जास्त पसरला. हिंदुस्थानातल्या धर्मपुढाऱ्यांकडून तारा मागवल्या गेल्या, की प्रसंग पाहता घोडा खाल्ला तर दोष नाही. तारा आल्या, तरी पुष्कळजण एप्रिलपर्यंत बधले नाहीत. धर्माच्या परवानगीपेक्षा गावाकडे गेल्यावर भावकी काय म्हणेल, ही भीती मोठी असावी. आपल्याकडची माणसे ओळखणाऱ्याला याचे नवल वाटणार नाही. सुटकेसाठी खालून चढत आलेल्या फौजेची वीस हजारांवर माणसे पडली, म्हणजे आत अडकलेल्यांपेक्षा जास्त. विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली. काही साधले नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांतली बहुसंख्य हिंदी होती.

टाउनशेंडला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर बंगल्यात ठेवले आणि तो बरा राहिला. शिपाई वाळवंटातून चालवत नेले गेले, काहींना रास-अल-ऐनकडे रेल्वेमार्गाच्या कामावर जुंपले. वाटेत आमांश, टायफस, फटके. हजारो लोक त्या वाटेवर आणि त्या छावण्यांत संपले. पुष्कळांचे नक्की कुठे काय झाले, याची नोंद झालीच नाही. मराठा पलटणींनी मेसोपोटेमियात पुढे नाव कमावले. ११४वीने १९१८ मध्ये शरकातला पराक्रम केला, ११७वीला १९२१ मध्ये ‘रॉयल’ हा किताब मिळाला. पलटणीचे नाव झाले, असे म्हणू या.

२७ मार्च १९२९ ला बसऱ्याजवळ शत्त-अल-अरबच्या काठी एका लांब खांबओळीच्या स्मारकाचे उद्घाटन झाले. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांवर लोकांचे ते स्मारक. ब्रिटिश सोल्जर आणि अधिकारी नावानिशी कोरलेले. हिंदी अधिकारी, म्हणजे सुभेदार, जमादार, हेही नावानिशी. त्यांच्या खाली पलटणीचे नाव आणि एक आकडा: इतके हिंदी शिपाई. तीस हजारांहून अधिक माणसे अशी आकड्यांत बसवली होती. वंशावरून भेद करणार नाही म्हणणाऱ्या कमिशननेच हे केले. युरोपात मात्र हे चालले नाही. फ्रान्समध्ये नव-शापेलला १९२७ मध्ये जे हिंदी स्मारक उभे राहिले, त्यावर सुमारे ४,७०० हिंदी माणसे नावानिशी आहेत, शिपायांसकट. तिथे फ्रेंच पाहुणे येणार होते, मार्शल फोश उद्घाटनाला हजर होता. बसऱ्याला कोण बघायला येणार होते?

कारणे दिली गेली ती ठरावीक होती. नोंदी अपुऱ्या आहेत. नावे फार आहेत, खर्च वाढेल. या लोकांत प्रेत जाळतात, थडग्याची त्यांना पर्वा नाही. शेवटचे कारण सर्वांत लबाड, कारण ते आदरासारखे दिसते. ज्यांना पर्वा नाही असे ठरवले त्यांना कोणी विचारले नव्हते. आणि नोंदी अपुऱ्या असत्या, तर ती काशाची तबकडी कोणत्या नावाने ओतली? पेन्शनचे कागद कोणाच्या बायकोला मिळाले?

इथे मला पुण्याजवळचा एक स्तंभ आठवतो. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमेला पेशव्यांच्या फौजेशी लढताना कंपनीचे जे शिपाई मारले गेले, त्यांची नावे कंपनीने १८२१ मध्ये पाया घातलेल्या स्तंभावर कोरली. मजकूर इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. ४९ मृतांच्या यादीत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली २२ नावे आहेत, म्हणजे महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले ते हीच नावे वाचून. एकेका शिपायाचे नाव दगडावर असल्यामुळेच शंभर वर्षांनी एका समाजाला आपला इतिहास बोट ठेवून दाखवता आला. पुढे महारांची भरती इंग्रजांनीच बंद केली, १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११वी महार पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. पण व्यापारी कंपनीला १८२१ मध्ये जे सुचले, ते बादशाही कमिशनला १९२९ मध्ये सुचले नाही, हे साधे सत्य आहे.

कोणी म्हणेल, आपल्या वीरगळांवर तरी कुठे नावे असतात? बरोबर आहे. महाराष्ट्रात गावोगाव वेशीवर, देवळाच्या आवारात ते दगड आहेत: खाली लढणारा, मध्ये अप्सरांनी उचललेला, वर शिवपिंडीपुढे बसलेला. बहुतेकांवर अक्षर नाही. पण वीरगळ त्याच्या गावात असतो. ज्यांनी तो उभा केला त्यांना तो कोणाचा हे ठाऊक होते, आणि विसरले गेले तेही घरच्यांकडून, पिढ्या उलटल्यावर. बसऱ्याचा आकडा पहिल्या दिवसापासून आकडाच होता.

गावांतली स्मारकेही बहुधा आकड्यांचीच आहेत. लढाईनंतर सरकारने जिथून भरती झाली त्या गावांत छोट्या पाट्या बसवल्या: या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. शाळेच्या, चावडीच्या भिंतीत त्या अजून दिसतात, कित्येकदा चुन्याखाली अर्ध्या गाडलेल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे तर नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ पडले. या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले.

इकडे घरच्या राजकारणालाही या मेलेल्यांचे काय करावे हे कळत नव्हते. जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने युद्धपरिषद भरवली. टिळकांनी भरतीबरोबर स्वराज्याचा विषय काढताच त्यांना मध्येच अडवले आणि ते सभा सोडून निघून गेले. त्यांचा आग्रह असा, की हिंदी माणसाला अधिकाऱ्याचा हुद्दा द्या, मग महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो. गांधीजींकडे त्यांनी ५० हजार रुपयांचा चेकही पैज म्हणून पाठवला होता. नुसते लढायला आणि मरायला माणूस हवा, हुकूम द्यायला नको, हे टिळकांना मान्य नव्हते. बसऱ्याच्या भिंतीने त्यांचे म्हणणे खरे करून दाखवले. तिथे नाव मिळाले ते हुद्देदारालाच. नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईला उतरला तेव्हा शहरात हरताळ आणि दंगल होती. दोनच दिवसांनी त्याने पुण्यात शिवाजी महाराजांच्या स्मारकाची आणि मराठा युद्धस्मारकाची कोनशिला बसवली. एकाच आठवड्यातली ही दोन दृश्ये. स्वातंत्र्याच्या चळवळीत वाढलेल्या पिढीला साहेबासाठी मेलेल्या काकाचे काय करावे, हा प्रश्न अडचणीचा होता. तो तिने बाजूला ठेवला.

दिल्लीत लुट्येन्सचीच कमान उभी राहिली. फेब्रुवारी १९२१ मध्ये ड्यूक ऑफ कॉनॉटने पाया घातला, १२ फेब्रुवारी १९३१ ला आयर्विनने उद्घाटन केले. आपण तिला इंडिया गेट म्हणतो. ती सत्तर हजारांवर हिंदी मृतांच्या नावे बांधलेली आहे, पण दगडावर नावे आहेत तेरा हजारांवर, मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. २६ जानेवारी १९७२ ला, बांगलादेश युद्धानंतर, याच कमानीखाली अमर जवान ज्योत पेटली. स्वतंत्र देशाचे स्वतःचे युद्धस्मारक व्हायला त्यानंतर आणखी सत्तेचाळीस वर्षे गेली. २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्रीय समर स्मारक खुले झाले. तिथल्या त्यागचक्रात सुरुवातीलाच २५,९४२ नावे होती, शिपायापासून वरपर्यंत सगळी, हुद्दा आणि पलटणीसह. संध्याकाळच्या मानवंदनेला हुतात्म्याच्या घरच्यांना पुष्पचक्र वाहायला बोलावतात. यात जे बरोबर केले आहे ते मोकळेपणाने म्हणावे: एकाही माणसाचा आकडा केलेला नाही. पण यादी १९४७ पासून सुरू होते. कूतला मेलेला शिपाई तिच्यात बसत नाही.

इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर एक पांढरी छत्री आहे. तिथल्या इस्पितळांत मेलेल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांना त्या जागी अग्नी दिला होता. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा, उद्घाटन १९२१ मध्ये. छत्रीवर नावे नव्हती. ती शेजारी वेगळ्या दगडावर २०१० मध्ये कोरली गेली. बसऱ्याच्या स्मारकाची कथा वेगळ्याच वळणाने गेली. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या फर्मानाने ते नौदलाच्या गोदीतून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात तीसेक किलोमीटरवर नेऊन पुन्हा उभे केले. आकडे जसेच्या तसे राहिले.

एप्रिल २०२१ मध्ये त्या कमिशनने, आता त्याचे नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन आहे, स्वतःच्या चौकशीचा अहवाल काढला. ४५ ते ५४ हजार मृतांना असमान वागणूक मिळाली, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन लोकांची नावे कुठेच कोरली गेली नाहीत, असे त्यात मान्य केले. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्याने पार्लमेंटमध्ये माफी मागितली. हिंदुस्थानात त्याची बातमी एक दिवस छापून आली.

गंमत अशी, की नावे सापडतात. कमिशनच्या नोंदवहीत बसऱ्याच्या स्मारकाखाली मराठा पलटणींच्या शिपायांची नावे आहेत, कित्येकदा बापाच्या नावासह, गाव आणि जिल्ह्यासह. स्पेलिंग बघून हसू येते, तालुका ओळखावा लागतो, पण माणूस ओळखू येतो.

तेव्हा वाचकांकडे एक मागणे आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, कुठल्याही बाजूच्या गावी जुनी लोखंडी ट्रंक असेल तर एकदा रिकामी करून पाहा. पणजोबाची वा त्यांच्या भावाची मेडले कदाचित तळाशी असतील. पुष्कळ घरांतली चांदीची सोनाराकडे आटली, पण सगळी नाही. मेडल आडवे धरा आणि उजेडात त्याची कड वाचा. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठसवलेली असते. ते लिहून घ्या, कमिशनच्या नोंदवहीशी ताडून पाहा, आणि नोंद चुकली असेल किंवा नसेलच तर त्यांना कळवा. ते दुरुस्ती करतात.